मारुतीच्या ओवरीतलं दूध

॥ श्री ॥

चाकण, रविवार
ता. १७ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. सुभद्रा हिस थोरलीचा आशीर्वाद.

मी बरी आहे. तुम्ही सगळे कसे आहात ते तुझ्या पत्रात आलंच आहे, म्हणून परत विचारत नाही. पत्र पोचून नऊ दिवस झाले. कामामुळे उत्तर राहिलं असं लिहिणार होते, पण काम रोजच असतं.

एक आधी सांगते. हे पत्र शेजारच्या मास्तरणीकडून वाचून घेऊ नकोस. तू तिसरीपर्यंत शिकलीस, मी चौथीपर्यंत. माझं अक्षर तुला लागतं. दोन दिवस गेले तरी चालतील, पण स्वतः वाच. दौलतरावांना वाचून दाखवायचं का ते मग तुझं तू बघ.

इकडे इलेक्शनच्या जीपा दिवसभर नाशिक रस्त्यानं ओरडत जातात. धुरळा इतका की बाजारातला कांदा लाल की पांढरा ते कळत नाही. शिवरात्रीला दहा दिवस राहिले. मी उपास धरणार नाही, मला सात गावं फिरायची असतात. दवाखान्यात माशाच्या तेलाच्या गोळ्या आल्यात, पोरांच्या डोळ्यांसाठी. माळकरी घरं तोंड फिरवतात. एका म्हातारीला मी म्हटलं, आजी, नातवाला रातांधळं होईल. तर म्हणती, "आधी माशाच्या गळ्यात माळ घाल, मग आमी गिळतो." मी म्हटलं बरं, आणि नातवाला बाजूला घेऊन गोळी दिली. असं चालतं.

तुझा जावई ज्योतीराम परवा एस्टी स्टँडवर भेटला. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात त्याला कायम करणार आहेत. रात्रीची शिफ्ट असते, डोळे लाल झालेत. पोरं कशी आहेत विचारलं नाही त्यानं. मीही काही सांगितलं नाही. दोघं गाडीची वाट बघत उभे राहिलो आणि गाडी आल्यावर तो गेला.

आता तुझ्या पत्राचं. तू तीन गोष्टी लिहिल्यास.

एक. तुला खरं काय ते पाहिजे. आपली इंद्रायणी बाळंतपणात गेली ती सासूनं, दुर्गाबाईनं, तिला उपाशी ठेवलं म्हणून का. मी दर आठवड्याला तिच्या गवारेवाडीला जात होते, तर मला दिसलंच असेल, असं तू लिहिलंस.

दोन. तिचं बाळ अंग धरत नाही. गाईचं दूध पाणी घालून दिलं तर ओकतं, घट्ट दिलं तर हगवण. तीन महिन्यांचं झालं तरी हाताला लागत नाही. तर मी येऊन त्याला घेऊन जावं. माझ्याकडे दुधाच्या भुकटीची पिंपं आहेत आणि मी शहाणी आहे आणि मला पोरबाळ नाही. सासूच्या दारात मात्र तू त्याला परत पाठवणार नाहीस.

तीन. इंद्रायणीची थोरली, मंजी, घास गालात धरून बसते, गिळत नाही. तू तिला मारतेस.

या तिन्हीला उत्तर एकच आहे. म्हणून उशीर झाला.

तुला माझं काम नीट ठाऊक नाही. तुला वाटतं मी दूध वाटते. दूध वाटतात त्या त्या गावचे मास्तर. मी त्यांच्यावर देखरेख करते. पाणी उकळलं का, भुकटी मापानं घातली का, गुठळ्या राहिल्या का, रजिस्टरात नावापुढे खूण झाली का. गाववार ठरलेल्या दिवशी जायचं आणि ओरडायचं. मला ओरडायला जमतं म्हणून डॉक्टरांनी मला आयाच्या कामावरून उचलून यात घातलं. शिकलेल्या बाया गावात टिकत नाहीत, घाण वास येतो म्हणतात. त्या भुकटीच्या दुधाला येतोच वास.

पहिल्यांदा दूध घरी न्यायला देत होतो. ज्याचं त्यानं भांडं आणायचं. पोरं, पोटुशा बाया, अंगावर पाजणाऱ्या बाया, सगळ्यांच्या नावानं घरी जायचं. मग एक दिवस मी न सांगता गवारेवाडीला गेले आणि रंगराव पाटलाच्या घरी त्याच दुधाचा चहा पाव्हण्यांपुढे आलेला बघितला. पुढच्या गावात वासराला पाजताना बघितलं. रस्त्याच्या कडेला एक हॉटेलवाला तर त्याच दुधावर हॉटेल चालवत होता. मी डॉक्टरांना सांगितलं, घरी द्यायचं बंद करा. रांगेत उभं करा, आपल्यासमोर प्यायला लावा, वाटी उपडी करून दाखवल्याशिवाय सोडू नका. डॉक्टरांनी तसा हुकूम काढला. सातही गावांत पाटी लागली. "दूध जागेवरच प्यावे." ती पाटी माझी आहे. त्या पाटीमुळे देखरेखीचं काम माझ्याकडे कायम झालं.

गवारेवाडीला जागा पण मीच ठरवली. मारुतीच्या देवळाची ओवरी. सावली आहे, विहीर जवळ, झाडलेलं असतं. बबनराव मास्तर म्हणाले, शाळेच्या पडवीत करू. मी म्हटलं, शाळेच्या पडवीत शेरडं बांधता तुम्ही, तिथं मी दूध करू देणार नाही. तिथंच विषय संपला. माझ्यापुढे कोणी जास्त बोलत नाही.

आता इंद्रायणी. ती पोटुशी असताना आठव्या महिन्यापर्यंत ओवरीत येत होती. रांगेत उभी राहायची. मावशी म्हणून पुढे यायची नाही, मीही घ्यायची नाही. वाटी उपडी करून दाखवायची आणि माझ्याकडे बघून हसायची, म्हणजे बघ बाई, सांडलं नाही. पहिलं बाळंतपण तुझ्याकडे झालं, दुसरं सासरी. १८ नोव्हेंबरला बाळ झालं. पाचव्या दिवशी मी बघून आले. अंगात रक्त नव्हतं. ओठ पांढरे. पण बाळाला पाजत होती आणि ते जोरात ओढत होतं.

तू विचारलंस म्हणून सांगते, घरात काय होतं ते. म्हैस आटलेली. दुर्गाबाईनं डिंक आणला होता थोडा, तो दहा दिवसांत संपला. मग बाजरीच्या कण्या आणि भाकरी. घरात सगळे तेच खात होते. दुर्गाबाईनं तिच्या ताटातलं काढून ठेवलं नाही. हे मी शपथेवर सांगते.

पंधराव्या दिवशी सोमवार होता. मंजी तांब्या घेऊन ओवरीत आली. वर फडकं झाकलं होतं. रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आल्यावर म्हणाली, "आईनं तिचं दूध मागितलंय." मास्तरांनी रजिस्टर बघितलं. अंगावर पाजणाऱ्या बायांत नाव होतंच. त्यांनी तांब्या भरला.

मी विचारलं, "ती का आली नाही?"

मंजी म्हणाली, "आजी म्हणती आईला देवळात यायचं न्हाई. सव्वा महिना."

सुभे, हे मला ठाऊक नव्हतं का? आपण दोघी एकाच घरात वाढलो. बाळंतीण सव्वा महिना देवळाच्या वाटेला जात नाही हे पोरींना कोणी शिकवत नाही, ते ठाऊकच असतं. आईला धाकट्याच्या वेळी मीच सांभाळलं होतं. आणि मी त्या दिवशी नुसती पाटीकडे बघत होते.

रांगेत रंगराव पाटलाची बायको होती. चहाच्या भानगडीपासून माझ्यावर दात धरून होती. ती शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "आता बघू बाई. लोकाच्या लेकरांना वाटी उपडी करायला लावती. भाचीचा तांब्या घरला जातोय का बघू."

बाया हसल्या.

मी मंजीच्या हातातून तांब्या घेतला आणि तपेल्यात परत ओतला. म्हटलं, "नियम सगळ्यांना एक. आईला सांग, प्यायचं तर इथं येऊन पी." मग मंजीला तिची स्वतःची वाटी भरून दिली. ती प्याली. उपडी करून दाखवली. रिकामा तांब्या घेऊन गेली.

मला इंद्रायणीचा रागही आला होता. वाटलं, पोरगी मला चार लोकांत पेचात धरते. घरी बोलावून मागायचं सोडून रांगेत पाठवते. आता कळतं की तिला रांगेत पाठवणंच बरोबर वाटलं असेल. रांग मीच शिकवली होती तिला.

मी त्यानंतर तिच्या घरी गेले नाही. ओवरीपासून पन्नास पावलंही नाही घर. लोक म्हणतील पदराखाली झाकून दूध नेते, म्हणून गेले नाही.

आता पुढचं तू बसून वाच.

गुरुवारी मी परत वाडीला होते. मंजी आली, नुसती वाटी घेऊन. प्याली, वाटी उपडी केली आणि पळाली. एरवी पायरीवर बसून पोरींशी खेळते. पळताना तोंड मिटलेलं आणि गाल फुगलेले. मी हाक मारली. थांबली नाही. मी मागं गेले आणि पायरीखाली दंडाला धरली. बोल म्हटलं. बोलेना. हनुवटीवरून थेंब खाली आला तेव्हा मला कळलं. तोंडात दूध धरून आईला नेत होती.

मी म्हटलं, "गीळ."

तिनं मान हलवली.

मी परत म्हटलं, "गीळ. माझ्यासमोर."

तिनं गिळलं. मग मी हात सोडला. ती घरी गेली का खेळायला गेली ते मी बघितलं नाही. रांग थांबली होती.

तर मंजीला मारू नकोस. ती हट्ट करत नाही.

इंद्रायणी २० डिसेंबरला गेली. तोही गुरुवार. मी ओवरीतच होते. दुर्गाबाईची हाक आली तेव्हा सगळ्यांना कळलं काय झालं ते. अर्धी रांग व्हायची होती. मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही जा, मी बघतो." मी रांग पुरी केली. सगळ्यांच्या वाट्या उपड्या बघितल्या. तपेलं घासायला सांगितलं. मग गेले. का असं केलं ते मला सांगता येणार नाही. सव्वा महिना व्हायला आठ दिवस राहिले होते.

डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, ताप बाळंतरोगाचा होता, पावशेर दुधानं उतरला असता असं मी म्हणणार नाही, पण अंगात ताकद असती तर झुंजली असती कदाचित. डॉक्टर चांगला माणूस आहे. त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मला काही वाटलं नाही. तेव्हापासून तसंच आहे. जेवते, फिरते, ओरडते. परवा हातावर उकळतं पाणी सांडलं तर मास्तर धावले, मी बघत उभी होते. रडू येत नाही. तेराव्याला तू माझ्या गळ्यात पडून रडलीस तेव्हाही मी तुझ्या अंबाड्याची सुटलेली पीन बघत होते.

त्या तेराव्याचं आहे खरं.

तू सगळ्या भावकीसमोर दुर्गाबाईला म्हणालीस, "माझी लेक कोरडी मारलीस. एक पावशेर दूध घातलं नाहीस तिच्या पोटात." दुर्गाबाई खांबाला टेकून बसली होती. तिनं मान खाली घातली. तू परत म्हणालीस. ती काहीच बोलली नाही. मी तुझ्या शेजारी होते. मी बोलले असते तर तिथंच संपलं असतं. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आणि तू बाळ उचललंस. दुर्गाबाईच्या धाकट्या सुनेच्या मांडीवरून. ती त्याला पाजत होती, सुभे. तिचं स्वतःचं सहा महिन्यांचं आहे. इंद्रायणी गेली त्या संध्याकाळपासून तीच दोघांना पाजत होती, एक इकडे एक तिकडे. बाळ तेव्हा अंग धरत होतं. तू म्हणालीस, या घरचा थेंब नको. ती पोरगी पदर सावरत उभी राहिली. तिचं दूध पोलक्यातून पाझरत होतं. तेही मी बघितलं आणि तुला, बाळाला आणि मंजीला एस्टीत बसवून दिलं.

मागच्या महिन्यात मी दुर्गाबाईकडे गेले. ती कांद्याची पात निवडत होती. बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी उभ्यानंच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना? तांब्याचं?"

"व्हय. पोरीनं घरी येऊन सांगितलं की."

"मग तेराव्याला बोलला का नाही? सुभद्रा इतकं म्हणत होती."

ती पात निवडत राहिली. मग म्हणाली, "लेक गेली तिची. बहीण बी कशाला घालवू?"

मी निघाले. दारात धाकटी सून म्हणाली, "मावशी, बाळ कसं हाय?" मी म्हटलं, बरं आहे. तेव्हा तुझं हे पत्र आलेलं नव्हतं, पण बरं नसणार हे मला कळत होतं.

घरी येऊन मी सातही गावांची रजिस्टरं काढली. दवाखान्यातल्या बाकावर मांडून बसले. सुभे, प्रत्येक गावात केंद्र देवळात आहे. कुठं मारुती, कुठं भैरोबा, कुठं विठोबा. सगळीकडे सावली आहे आणि झाडलेलं असतं, म्हणून मीच ठरवलेलं. आणि प्रत्येक बाळंतिणीच्या नावापुढे सव्वा महिना गैरहजर, गैरहजर, गैरहजर. लाल शाईनं. लाल शाई माझ्याकडेच असते. दोन वर्षांत सत्तावीस बाया. जिला दूध सगळ्यांत जास्त पाहिजे तिलाच नेमकं सव्वा महिना मिळालं नाही, आणि मी दर महिन्याच्या शेवटी खाली लिहीत होते, बाया आळशी आहेत, येत नाहीत. त्यातल्या किती गेल्या ते बघायला रजिस्टरात रकाना नाही.

मी डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, केंद्रं देवळातून हलवा, आणि बाळंतिणीचं दूध घरी जाऊ द्या.

ते म्हणाले, "अहो बाई, जागेवर प्यायचं हे तुमच्याच सांगण्यावरून ठरलं."

"व्हय. आता माझ्याच सांगण्यावरून मोडा."

"असं मोडता येत नाही. वर लिहावं लागेल."

"लिहा. तोवर मी किटली नेते. बाळंतिणीच्या बाजेजवळ बसते आणि माझ्यासमोर पाजते. तिची जागा तीच, तर जागेवरच झालं की."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही."

"बरं," म्हटलं आणि आले.

तर सध्या ते चालू आहे. गवारेवाडीला शाळेची पडवी घेतली. शेरडं हलवायला लावली, मास्तर कुरकुरले. तिथं दोन बाळंतिणी आहेत. एक रंगराव पाटलाची सून. मी किटली घेऊन गेले तेव्हा पाटलीण दारात उभी. म्हणाली, "आता बरं घरपोच आलं. भाचीच्या वेळी पाय मोडले व्हते का?" मी म्हटलं, "व्हय, मोडले होते. सरका." ती सरकली. सून प्याली. वाटी उपडी करायला लागली तर मी म्हटलं राहू दे.

आता बाळाचं.

नऊ दिवस मी याच्यावर अडले होते. तुझं पत्र वाचल्या दिवशी मी पाळणा बघून आले. सुताराकडे एक जुना आहे. दुपटीही काढून धुतली, कोणाची ते तुला ठाऊक आहे, बावीस वर्षं पेटीत होती. म्हणजे मी नको म्हणत होते असं समजू नकोस. मला ते पोर पाहिजे होतं. तुला काहीएक न सांगता परवाच्या गाडीनं येऊन घेऊन गेले असते. तू हसून दिलंस असतंस आणि जन्मभर माझे उपकार मानले असतेस. रोज रात्री मी तेच ठरवून निजत होते.

पण त्याला भुकटीचं दूध देता येत नाही. साय काढलेलं असतं ते. मोठ्या पोरांना चालतं, बाळंतिणीला चालतं, तीन महिन्यांच्या पोराला त्याच्यावर ठेवलं तर ते सुकतं. पिंपावरच तसं छापलं आहे म्हणून डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी शहाणी आहे असं तू लिहिलंस, म्हणून हे कळवते. आणि मी दिवसभर सात गावं फिरणार, ते कोणाच्या मांडीवर राहणार?

त्याला अंगावरचं दूध पाहिजे. ते एकाच घरात आहे आणि तिथून तू त्याला माझ्यामुळे उचलून आणलंस. धाकटी सून अजून पाजती आहे. मी गेल्या गुरुवारी परत गेले, या वेळी बसले, आणि विचारलं, बाळ परत आलं तर घ्याल का. दुर्गाबाई सुनेकडे बघून म्हणाली, "तिला इचार, तिचं अंग हाय." सून म्हणाली, "त्यात इचारायचं काय? आजच आणा की."

तर बाळाला माझ्याकडे पाठवू नकोस. दुर्गाबाईकडे पाठव. तू स्वतः घेऊन जा, दुसऱ्याबरोबर देऊ नकोस. तिच्यासमोर काय बोलायचं ते तुझं तू ठरव, पण तेराव्याला बोललीस ते तिच्या वाट्याचं नव्हतं, माझ्या वाट्याचं होतं. एवढं तिथं भावकीसमोर म्हण. मला बोलावलंस तर मी येऊन स्वतः म्हणेन. मला त्याचं काही वाटणार नाही. वाटायचं ते सगळं कुठं गेलं मला ठाऊक नाही.

उशीर करू नकोस. पत्र वाचायला दोन दिवस असं वर लिहिलं, ते खोड. एका दिवसात वाच. तळेगावहून सकाळची गाडी धरलीस तर उन्हाच्या आत पोचशील. वाटेत ओकलं तर पाणी उकळून गार केलेलं बरोबर ठेव, चमच्यानं दे, बाटलीनं नको. डोकं झाक.

मंजीला तुझ्याकडेच ठेव. तिच्यापुढे ताट ठेवून तू उठून जात जा. कोणी बघत नसलं की गिळेल. तिला सांग, त्या दिवशी आजीनं, म्हणजे मी, वाईट केलं. ती पाच वर्षांची आहे, तिला कळेल. तुझ्या तोंडून कळू दे, माझ्या तोंडचं ती ऐकणार नाही, आणि मी तिला आता काहीच कर म्हणून सांगणार नाही.

हे वाचून तुला काय वाटेल ते मला कळत नाही असं नाही. उत्तर पाठवू नकोस. बाळ वाडीला पोचल्याचं मला सोमवारी किंवा गुरुवारी कळेलच. मी पडवीत असेन. तू त्या रस्त्यानं गेलीस आणि माझ्याकडे बघितलं नाहीस तरी मी हाक मारणार नाही.

दौलतरावांना नमस्कार सांग, किंवा सांगू नकोस.

जिनं तुझ्या लेकीचा तांब्या ओतला, ती
यशोदा